बाली राहिली, बादली राखली

प्रॉस्पेक्ट, अ‍ॅडलेड
जानेवारीअखेर

तीर्थरूप लॉइड मामास,

टॅम्सिनचा लांबूनच नमस्कार. जवळ येऊन केला असता तर तुझ्या गुडघ्यांची चौकशी करावी लागली असती आणि दुपार त्यातच गेली असती, म्हणून इथेच विचारून घेते. गुडघे कसे आहेत? टोमॅटोंना उन्हाची झळ लागली का? आणि तुझी ती मांजर (जिला तू 'मांजर' याच नावाने हाक मारतोस आणि जी तरीही येते) बरी आहे ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. गार्थचं नाक सोललंय, ओटिसच्या कानात अजून वाळू सापडते आहे, आणि एडीला नवा दात आलाय, तो तिने लगेच वापरूनही पाहिला. तुझं चाकांवरचं घर, म्हणजे कॅराव्हॅन, सुखरूप आहे. बादलीही सुखरूप आहे. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, कारण तुला कुठलंही लिखाण शेवटापासून वाचायची खोड आहे. या खेपेला तसं करू नकोस. वरून खाली ये.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस. तुझ्या त्या 'बरं'च्या पलीकडे आजवर फक्त एव्हिस मामी गेली. पत्राला तसं मधेच 'बरं' म्हणता येत नाही. (म्हणता येतं, पण उरलेलं पत्र टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं.)

कॅराव्हॅन देताना तू दोनच गोष्टी सांगितल्या होत्यास. एक, आहे तशी परत आण, कारण फेब्रुवारीत मरे ब्रिजचा माणूस ती विकत घ्यायच्या विचाराने बघायला येणार आहे. दोन, पोर्ट हॅलोरनच्या समुद्रकाठच्या कॅराव्हॅन-तळावर आपल्या जागेच्या कोपऱ्यात माझी निळी बादली उपडी असेल, ती येताना उचल आणि तिथल्या नोएलीनला सांग, लॉइडने जागा सोडली. ही दुसरी गोष्ट तू टायरमधली हवा तपासायला सांगावी तशी सांगितलीस आणि लगेच टोमॅटोंना पाणी घालायला निघून गेलास. मीही मान डोलावली. तीस वर्षं तू आणि मामी दर जानेवारीत ज्या जागेवर उतरलात, ती सोडायचं काम माझ्याकडे आलंय, हे मला वाटेत बालाक्लाव्हाच्या पुढे गेल्यावर उमगलं, आणि तोवर मागे वळणं शक्य नव्हतं (मागे वळण्याविषयी पुढे सविस्तर येईलच).

पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. 'सगळं जग बालीला चाललंय, तुम्हालाच काय झालं?' असं तू विचारलंस आणि मी ते हसण्यावारी नेलं. काय झालं ते ऐक. गार्थच्या हपिसात बालीला न गेलेला तो एकटाच उरलाय. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे तिथल्या तलावांबद्दल बोलतात, पाण्यात बसल्या बसल्या शहाळं कसं हातात येतं ते सांगतात, आणि हा आपला डब्यातलं सँडविच खात ऐकतो. शेवटी त्याने फुलाफुलांचा शर्ट आणला. तिकीट नाही, पारपत्र नाही, शर्ट मात्र तयार. मी फिजीच्या बाजूची होते. फिजीतली माणसं म्हणे लहान मुलं दिसली की प्रेमाने उचलून नेतात आणि थेट जेवायच्या वेळी परत आणून देतात. मामा, तुला सांगते, त्या दिवसांत मला यापरतं मोठं पर्यटनस्थळ सुचत नव्हतं. तर आठवडाभर आमच्या घरात बाली आणि फिजी यांचं भांडण चाललं, आणि ते जिंकलं पोस्टाने.

पारपत्राचा फोटो पोस्टात काढतात हे तुला ठाऊक आहेच. नियम असा की तोंड बंद, डोळे उघडे, नजर समोर. ओटिस तीन वर्षांचा आहे. त्याने तोंड मिटलं की डोळेही मिटतात, बहुधा आतून एकच दोरी आहे. एडी दीड वर्षाची. तिला तोंड मिटणं हा प्रकारच माहीत नाही. पोस्टातली बाई शहाणी होती, तिने खुळखुळा ठेवला होता. रांगेतल्या एका आजोबांना आमची दया आली आणि मुलीने समोर बघावं म्हणून ते माकडाचे आविर्भाव करू लागले. तेव्हा एडी हसली, ओटिस घाबरला आणि रांगेतल्या लोकांचे दोन पक्ष झाले. एवढं सगळं होऊन नियमात बसणारा एकच फोटो निघाला. तो एडीला मागून धरणाऱ्या गार्थच्या हाताचा होता.

तरी गार्थ हटला नाही. म्हणाला, फोटोचं होईल, आधी मुलांना विमानाची सवय करू. मग एका रविवारी त्याने घरातल्या बोळात जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या, झग्यांचे पट्टे काढून मुलांना बांधलं, फुलांचा शर्ट घातला आणि गार पास्त्याच्या वाट्या घेऊन तो हवाई सुंदरी झाला. मी खिडकीजवळची प्रवासी होते (खिडकी म्हणजे मीटरचं कपाट). एडीने पास्ता पुढच्या प्रवाशाला दिला, म्हणजे डोक्यावर. ओटिसने पट्टा सोडला, वैमानिकाच्या खोलीत म्हणजे न्हाणीघरात गेला आणि आतून कडी घातली. कडी काढायला शेजारचा माणूस शिडी घेऊन आला. मी विचारलं, "आपण कुठवर आलो रे?" गार्थने घड्याळ बघितलं, केसातली शेव झटकावी तसा पास्ता झटकला आणि म्हणाला, "अजून आपलंच वाळवंट संपलेलं नाही." बाली तिथेच, बोळात संपली.

देशातल्या देशात जायचं ठरल्यावर सल्ले देणारे पुष्कळ निघाले. गार्थची आई म्हणाली, गोल्ड कोस्टला न्या, मोठाले पाळणे आहेत. पण तिथे प्रत्येक पाळण्यापाशी उंची मोजायची पट्टी असते, आणि ओटिस तिच्या पहिल्या रेघेला टाचा उंचावूनही लागत नाही. माझी मैत्रीण म्हणाली, टास्मानियाला जा, शांत आहे. आम्ही गेल्यावर राहिलं नसतं. मग एकदम तुझ्या शेडमधली, ताडपत्रीखालची ती कॅराव्हॅन आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आणि तू एवढ्या पटकन 'घेऊन जा' म्हणालास की मला आनंद व्हायच्या ऐवजी कसंसंच झालं.

प्रवासाचं फार लिहीत नाही. पोर्ट वेकफिल्डला खिमा भरलेले 'पाई' खाल्ले, ते पुढे ओटिसने परत केले. कॅराव्हॅनच्या पाठीवर मामीने रंगवलेलं नाव आणि त्याखालचा पाणपक्षी लोकांना दिसत होता, आणि आमच्यामागे साचलेले मोटारवाले ते 'घाई कसली' हे नाव फार काळ वाचत राहिले. काहींनी भोंगे वाजवून आपला अभिप्रायही कळवला.

पोर्ट हॅलोरनच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पाचाचा सुमार होता, म्हणजे सगळा तळ खुर्च्या बाहेर टाकून हातात थंड पेले घेऊन बसलेला. आणि मामा, सगळे उठले. केव्हने रेडिओवरचं क्रिकेट बंद केलं (विकेट पडलेली असतानासुद्धा). नोएलीनबाईंनी विणकाम खाली ठेवलं. कुणीतरी "आला रे, लॉइड आला" म्हणालं आणि म्हातारी माणसं लगबगीने पुढे आली. त्यांनी कॅराव्हॅन ओळखली होती. मग दार उघडून फुलांच्या शर्टातला गार्थ उतरला. कुणी काही वाईट बोललं नाही. नोएलीनबाई म्हणाल्या, "या हं, या," आणि परत जाऊन बसल्या. पण ते चेहरे उतरताना मी बघितले, आणि मला वाईट वाटलं. तुझी इतकी वाट बघणारी माणसं तू मला 'तळावरचे ते लोक' म्हणून सांगितली होतीस.

आता मागे वळण्याचं. तुला माहीत आहे, कॅराव्हॅन मागे घेताना चाक उलटं फिरवावं लागतं. गार्थलाही माहीत होतं. त्याने त्यावर चित्रफिती पाहिल्या होत्या, पण तो ऐन वेळी उलट्याचं उलट करी आणि ते सुलट होई. कॅराव्हॅन आधी मासे साफ करायच्या ओट्याकडे गेली. मग बायकांच्या न्हाणीघराकडे. मग ती रस्त्यात आडवी झाली आणि तिथेच रमली. तळाची मंडळी खुर्च्या वळवून बसली होती, आणि उंटावरून शेळ्या हाकायचं काम जोरात चाललं होतं.

"डावीकडे वळव, म्हणजे ती उजवीकडे जाईल," केव्ह म्हणाला.

"काका, डावं की उजवं, एकच काय ते सांगा," गार्थ म्हणाला.

"एकच सांगतोय ना. दोन्ही."

शेवटी नोएलीनबाई उठल्या. "थांबा. हे एव्हिसचं काम आहे," म्हणाल्या आणि भांडी पुसायचं लाल चौकटींचं फडकं घेऊन आल्या. मागच्या बाजूला, झावळीच्या झाडाशी, मामी जिथे उभी राहायची तिथे उभ्या राहिल्या. आणि मामीसारखंच फडकं हलवायला लागल्या. वर दोनदा, बाजूला एकदा, मग खांद्यावर. हातवारे हुबेहूब होते म्हणे, अडचण एवढीच, की त्यांचा अर्थ जगात फक्त तुलाच कळत होता. फडकं खांद्यावर म्हणजे थांब की ये? गार्थने 'ये' धरलं आणि झाडाला जाऊन टेकला. (झाड ठीक आहे. मागचा दिवाही ठीक आहे, काच तेवढी नवी लागेल.) नोएलीनबाई फडक्याकडे बघत म्हणाल्या, "लॉइडला तर नुसतं दिसलं तरी पुरे व्हायचं." मग त्यांनी त्याच फडक्याने डोळे पुसले आणि आम्हा सगळ्यांना ढकलायला लावलं. कॅराव्हॅन मोटारीपासून सोडवून अख्ख्या तळाने हातांनी आत लोटली. ओटिस केव्हच्या खांद्यावरून हुकूम सोडत होता. ती जी झाड आणि नळ यांच्या मधे बसली आहे, ती इतकी नेमकी बसली आहे की काय सांगू.

मामा, मला आता कळलं, मामी गेल्यापासून तू तिकडे का जात नाहीस. गुडघ्यांचं कारण मी यापुढे ऐकणार नाही.

आता बादली. ती होतीच, कोपऱ्यात, उपडी, उन्हाने निळ्याची पांढरी पडलेली, वर वीट. निघताना ज्याने आपली खेकड्यांची बादली उपडी ठेवली, त्याची जागा पुढल्या जानेवारीत त्याचीच, ही तिथली पद्धत मी तुला काय सांगणार. तू तर दोन उन्हाळे आला नाहीस, तरी तुझी जागा राखली गेली. वादळात वीट पडली की केव्ह परत ठेवतो. तळाच्या कचेरीतल्या नव्या तरुणाने ती जागा दुसऱ्यांना द्यायचा प्रयत्न केला होता, पण नोएलीनबाई त्याच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, तो अजून त्यांना बघून वाट बदलतो.

आणि समुद्रकाठी तीन वर्षांच्या पोराला बादली दिसल्यावर काय होतं ते तुला ठाऊक आहे. आम्ही नळ जोडेपर्यंत ओटिसने वीट बाजूला केली आणि बादलीला हात घातला. चार दिशांनी "नको" असा आवाज आला. नोएलीनबाई गुडघ्यांवर बसल्या (त्यांचेही दुखतात, पण त्या बसतात) आणि म्हणाल्या, "बाळा, ही लॉइड आजोबांची जागा आहे. आजोबा येईपर्यंत बादली हलवायची नाही." ओटिसने बादलीकडे बघितलं, मग जागेकडे, मग परत बादलीकडे, आणि त्याचं एक मत बनलं. त्या दिवसापासून त्याची खात्री आहे, की तू बादलीखाली राहतोस.

रोज सकाळी तो टकटक करायचा. "आजोबा, उठलात?" उत्तर आलं नाही की म्हणायचा, "झोपलेत." मग व्हेजिमाईट लावलेला अर्धा टोस्ट बादलीची कड उचलून आत सारायचा. अर्धाच, कारण एकट्याला पुरतो असं तो म्हणाला. आम्ही समजावलं, गार्थने तुझा फोटोही दाखवला, तर हा म्हणाला, "हो, हेच आत आहेत." दुपारच्या झोपेच्या वेळी तो लोकांना त्या बाजूने हळू चालायला लावी, आणि लोक चालत. मग एका सकाळी त्याने कड उचलली तर आत मोठा निळा खेकडा. (केव्ह म्हणतो, आपोआप आला असेल. केव्ह आदल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात खेकडे धरत होता, हे मी नुसतं लिहून ठेवते.) ओटिस तळभर ओरडत पळाला, आजोबा आले, आजोबा आले, त्यांना पाय खूप आहेत. सगळी मंडळी चहाचे कप घेऊन जमली. एकेकाने वाकून विचारपूस केली. "काय लॉइड, गुडघे कसे आहेत?" "इतके पाय, मग गुडघ्यांचं तर विचारूच नका." केव्हने तर बादलीला मागच्या मोसमातल्या मासळीची सगळी हकिकत सांगितली. आम्ही हसून हसून बेजार झालो, आणि मग नोएलीनबाई एकदम म्हणाल्या, "खरा आला असता तर त्यालाही हेच सगळं सांगायचं होतं," आणि उठून गेल्या. खेकड्याला ओटिसने धक्क्यावरून पाण्यात सोडलं. तू पोहायला गेला आहेस, असं तो दिवसभर सांगत होता.

निघायच्या दिवशी मी बादलीपाशी गेले. तुझा निरोप लक्षात होता, उगाच विसरले म्हणणार नाही. वीट काढली, बादली उचलली. तर ओटिस मागे उभा. रडला नाही की काही नाही, त्याने सरळ विचारलं, "मग आजोबा कुठे राहणार?" आपल्या घरी, स्ट्रॅथाल्बिनला, टोमॅटोंजवळ, असं म्हणणार होते, पण ते बादलीखालच्यापेक्षा बरं कसं, हे मला सांगता येईना. तेवढ्यात नोएलीनबाई आल्या. माझ्या हातात बादली बघून त्यांचा चेहरा बदलला, पण त्या नीट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं पोरी, लॉइडने काही निरोप दिलाय का?"

मी म्हणाले, "हो. नमस्कार सांगितलाय."

आणि बादली होती तशी उपडी ठेवली. वर वीट ठेवली. नोएलीनबाईंनी ती वीट जरा सरळ केली.

तर अशी आमची सुट्टी शांतपणे पार पडली. परतीचा प्रवास तर फारच हलका झाला, मोटार कशी वाऱ्यासारखी आली. गार्थ आता हपिसात बालीवाल्यांना खेकडे कसे धरावे ते सांगतो (धरले केव्हने). परदेश कुठे पळून जात नाही, मुलांचे डोळे आणि तोंड वेगवेगळे हलायला लागले की बघू. टोमॅटोंना आणि मांजरीला आमची आठवण सांग. उन्हात टोपी घालत जा.

तुझी भाची,
टॅम्सिन

ता. क. मरे ब्रिजच्या माणसाला मी फोन केला होता. व्यवहारात लपवाछपवी नको, म्हणून मामीच्या टेबलाच्या कडेवर एडीच्या नव्या दाताचे ठसे आहेत आणि मागच्या दिव्याची काच गेली आहे हे सांगितलं. तरी तो येतो म्हणाला. मग विचारलं, कुठे यायचं? त्यावर मी जे सांगितलं ते ऐकून तो म्हणाला, एवढं लांब जमायचं नाही.

आणखी एक ता. क. कॅराव्हॅन सुखरूप आहे असं मी सुरुवातीलाच लिहिलं, त्यात काही खोटं नाही. कुठे आहे ते तेवढं लिहायचं राहिलं. ती तिथेच आहे, झाड आणि नळाच्या मधे. गार्थने बाहेर काढायचा एकदा यत्न केला, तेव्हा नोएलीनबाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ज्याला काढता येते तोच काढील. मोसम संपलाय, जागेला कुणी हात लावणार नाही, कचेरीतल्या तरुणाशी त्या बोलल्या आहेत.

शेवटचं ता. क. (तू बहुधा हेच आधी वाचतोयस.) मार्चच्या लांब सुट्टीत आम्ही तुला न्यायला येतो. मोटार गार्थ चालवेल, पण कॅराव्हॅन तूच काढायचीस किंवा तूच तिथे ठेवायचीस, दोन्हीतलं काय ते तिथे गेल्यावर बघू. ते लाल फडकं नोएलीनबाईंनी माझ्याजवळ दिलंय. झाडाशी मी उभी राहीन. वर दोनदा, बाजूला एकदा, एवढं मला येतं. खांद्यावर म्हणजे काय, ते तू सांग. नाही म्हणू नकोस, कारण ओटिसला आता तू कसा आहेस याची काळजी लागली आहे. तू बादलीखाली नाहीस, आपल्या घरी आहेस, असं मी रोज सांगते, पण त्याचा माझ्यावर विश्वास नाही. तो म्हणतो, घरी असते तर भेटायला आले असते.